काला अंबचा प्रवास: हवाई अंतर आणि खरा वेळ

जानेवारी तोंडावर आला की पुण्यात, नांदेडात, कोल्हापुरात, नाशकात एकच चौकशी सुरू होते: पानिपतला, काला अंबला जायचे आहे, विमानाने किती वेळ लागेल? पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची खूण म्हणून जपलेली ही जागा पानिपत शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर आहे. लोखंडी कुंपणात उभा स्मृतिस्तंभ, भोवती बाग. ज्या आंब्यावरून नाव पडले ते झाड आता राहिलेले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे या परिसरात पडली. म्हणून दरवर्षी त्याच तारखेला इथे शौर्य दिन होतो. हरियाणातले रोड मराठा बांधव जमतात आणि महाराष्ट्रातूनही माणसे येतात.

विमानाला किती वेळ लागेल, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘दोन तास’ असे मिळते. ते खोटे नाही. पण त्या दोन तासांच्या भरवशावर जो १४ तारखेच्या पहाटेचे तिकीट काढतो, त्याचा कार्यक्रम हुकण्याची शक्यता मोठी असते. आकाशातले अंतर हा या प्रवासाचा सर्वांत खात्रीचा भाग आहे. वेळ जातो तो त्याच्या दोन्ही टोकांना, आणि जानेवारीत तर धुक्यात. हा हिशेब कसा मांडायचा ते सविस्तर पाहू.

सुरुवात नांदेडपासून करतो, कारण तिथून हे गणित सर्वांत सोपे आहे आणि इतिहासाच्या दृष्टीनेही ते योग्य टोक आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरची लढाई झाली ती याच मराठवाड्यात. मार्चमध्ये भाऊसाहेबांची फौज उत्तरेकडे निघाली ती परतूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातून. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळावरून गाझियाबादजवळच्या हिंडन विमानतळावर जाणारी सेवा मार्च २०२४ च्या अखेरीस स्टार एअरने सुरू केली. हेच विमान पुढे जालंधरजवळच्या आदमपूरला जाई. हजूर साहिबला येणाऱ्या शीख भाविकांसाठी हा मार्ग फार सोयीचा ठरला. पानिपतला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसालाही तो तितकाच सोयीचा, कारण मोठ्या शहरातल्या विमानतळाचा फेरा वाचतो.

आता अंतर. नांदेड विमानतळ साधारण १९.१८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हिंडन २८.७१ अंशांवर. दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर, ७७.३ अंशांच्या आसपास, म्हणजे एक दुसऱ्याच्या बरोबर उत्तरेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. फरक साडेनऊ अंशांचा, म्हणून अंतर सुमारे १,०६० किलोमीटर. कुठलेही संकेतस्थळ न उघडता, शाळेच्या नकाशावरून करता येणारे हे गणित आहे, आणि मुलांना बरोबर घेऊन जाणार असाल तर त्यांच्याकडून जरूर करून घ्या. रेखांशातही फरक असेल तर तो फरक तिथल्या अक्षांशाच्या कोज्येने गुणायचा, किलोमीटर करायचे आणि पायथागोरस लावायचा. आपल्याला लागते तेवढी अचूकता त्यात मिळते. त्या रीतीने पुणे ते दिल्ली सुमारे १,१५५ किलोमीटर येते, मुंबई ते दिल्ली १,१४०, नाशिकच्या ओझरहून ९९०, छत्रपती संभाजीनगरहून ९८०, नागपूरहून ८५५ आणि कोल्हापूरहून १,३५५.

हे झाले सरळ रेषेचे अंतर. विमान त्या रेषेवरून जात नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांवरून, वायुदलाची राखीव क्षेत्रे टाळून जाते. धावपट्टीच्या दिशेप्रमाणे उतरण्यासाठी वळसा घेते आणि दिल्लीसारख्या गर्दीच्या ठिकाणी कधी आकाशातच घिरट्या घालत थांबते. म्हणून ‘अंतर भागिले वेग’ एवढ्यावर वेळ काढला तर तो नेहमी कमी येतो. जेट विमानासाठी एक साधा आडाखा पुरेसा आहे: अंतराला ८०० ने भागा आणि आलेल्या तासांत ४० मिनिटे मिळवा. नांदेड–हिंडनसाठी हे उत्तर दोन तास येते, पुणे–दिल्लीसाठी दोन तास सात मिनिटे, नागपूर–दिल्लीसाठी पावणेदोन तासांच्या आत. वेळापत्रकात याच्या जवळपासचेच आकडे दिसतील, पाच-दहा मिनिटांचा फरक धरून.

पंख्याच्या एटीआर विमानांना हा आडाखा चालत नाही, कारण त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. एप्रिल २०२५ मध्ये हरियाणातल्या हिसारहून अयोध्येसाठी विमानसेवा सुरू झाली. ते अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, म्हणजे नागपूर–दिल्लीपेक्षा बरेच कमी, तरी एटीआरला जवळपास दोन तास लागतात. उडान योजनेत भाड्याची मर्यादा ठरवताना साधारण एक तासाचा, म्हणजे ५०० किलोमीटरच्या आसपासचा प्रवास गृहीत धरला होता, त्यामागेही हाच वेग आहे. तिकीट काढताना विमान कोणते आहे ते एकदा पाहून घ्यावे. लहान विमानतळांच्या बाबतीत ते अंतरापेक्षा अधिक सांगून जाते.

तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे हवेत राहण्याची वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतची ती वेळ. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. पुणे–दिल्लीत विमान प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तासांच्या आसपास असते. उरलेला वेळ धावपट्टीकडे जाण्यात आणि उतरल्यावर आपल्या जागेपर्यंत येण्यात जातो. दिल्लीचे आवार इतके मोठे आहे की दूरच्या धावपट्टीवर उतरलेले विमान बराच वेळ नुसते जमिनीवरून चालत राहते. हिंडनला हा त्रास कमी.

हा ब्लॉक टाइम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण प्रवाशाचे हक्क त्याच्यावर ठरतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना कंपनीने खाण्यापिण्याचे द्यायचे असते. महाराष्ट्रातून दिल्लीकडे जाणारी बहुतेक थेट विमाने याच वर्गात बसतात. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी निवड प्रवाशाची. कंपनीने आयत्या वेळी उड्डाण रद्द केले तर भरपाईची वरची मर्यादाही ब्लॉक टाइमप्रमाणे बदलते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५००, दोन तासांहून जास्त असेल तर १०,०००. मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच मिळते. मात्र धुक्यामुळे उड्डाण रद्द झाले तर ही भरपाई लागू होत नाही, कारण हवामान कंपनीच्या हातात नसते. दुसरे विमान किंवा पैसे परत मागण्याचा हक्क तेव्हाही असतो. काउंटरवर तो शांतपणे, पण ठामपणे मागावा.

आता धुके. आपल्याला जायचे आहे ते नेमके उत्तरेतल्या धुक्याच्या ऐन दिवसांत. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्ली, हरियाणा आणि पंजाबच्या सपाट मुलखावर रात्री थंड झालेल्या जमिनीलगतची दमट हवा गोठल्यासारखी साचून राहते. वारा जवळजवळ नसतो. धुके साधारण मध्यरात्रीनंतर दाटते, सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत गडद असते आणि बऱ्याच दिवशी नऊ-दहापर्यंत उचलत नाही. कधी दुपारपर्यंत राहते. १४ जानेवारीला दिल्लीत सूर्य उगवतो तोच सव्वासातच्या सुमारास.

दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर कॅट-तीन-बी पद्धतीची साधने आहेत. तिथे धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असले तरी विमान उतरू शकते. त्यासाठी विमानात तशी यंत्रणा आणि वैमानिकांचे तसे प्रशिक्षण, दोन्ही लागते. दोहोंपैकी एक नसेल तर शेजारचे विमान उतरते आणि आपले जयपूर, अहमदाबाद किंवा लखनौला वळवले जाते. शिवाय उतरायला ५० मीटर चालत असले तरी उड्डाणासाठी १२५ मीटर दिसावे लागते. म्हणून पहाटे उतरलेली विमाने उडू शकत नाहीत, उभे राहायच्या जागा भरून जातात आणि त्याचा फटका पुण्याहून सकाळी निघणाऱ्या विमानाला बसतो. पुण्यात ऊन पडलेले असते, प्रवासी विमानात बसलेले असतात आणि विमान जागचे हलत नाही. कारण दिल्लीने अजून वेळ दिलेली नसते.

लहान विमानतळांवर कॅट-तीनची सोय सहसा नसते, आणि एटीआरसारखी विमानेही त्या दर्जाच्या उतरण्यासाठी नसतात. त्यामुळे उन्हाळ्यात हिंडनची सोय जितकी निर्विवाद, तितकी ती जानेवारीच्या सकाळी राहत नाही. मला विचाराल तर धुक्याच्या दिवसांत हिंडनचे तिकीट दुपारचेच काढावे. सकाळचेच मिळत असेल तर इंदिरा गांधी विमानतळ बरा. आणखी एक कारण आहे. नांदेड–हिंडनसारख्या मार्गांवर दिवसाला एखादेच विमान असते, तेही आठवड्यातून काहीच दिवस. ते रद्द झाले तर पुढचे दोन दिवसांनी. दिल्लीला जाणारे एक विमान गेले तर संध्याकाळपर्यंत दुसरे असते. अशा प्रादेशिक सेवा हंगामाप्रमाणे बदलतात, काही काळ बंदही राहतात. म्हणून जाण्याआधी महिनाभर कंपनीचे चालू वेळापत्रक पाहावे आणि प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

तेव्हा सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा: १४ तारखेच्या कार्यक्रमासाठी १२ किंवा १३ तारखेला, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान दिल्लीत उतरेल असे विमान घ्या आणि १३ ची रात्र पानिपतमध्येच काढा. थांबायला कर्नाळही चालेल. दिल्लीत मुक्काम करून १४ ला पहाटे मोटारीने निघणे हा विमान चुकण्यापेक्षा वाईट पर्याय आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दाट धुक्यात एकामागून एक गाड्या आदळण्याचे अपघात दर हिवाळ्यात होतात. ट्रकच्या मागचे दिवे दिसेपर्यंत तो ट्रक अगदी जवळ आलेला असतो. घरातली वडीलधारी माणसे आणि मुले बरोबर असताना हा धोका पत्करू नये. धुक्यात आगगाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात, हेही लक्षात असू द्या.

विमानतळ ते पानिपत हा टप्पा दोन्हीकडून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. हिंडनहून ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवे घेतला की दिल्ली शहरात शिरावेच लागत नाही; हा रस्ता २०१८ पासून सुरू आहे आणि कुंडलीजवळ महामार्ग ४४ ला मिळतो. इंदिरा गांधी विमानतळाकडून पूर्वी शहराची गर्दी ओलांडावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्बन एक्स्टेन्शन रोड–२ खुला झाल्यापासून अलीपूरजवळ महामार्गाला लागता येते. दोन्हीकडून दोन ते अडीच तास धरा. मोटार करायची नसेल तर टर्मिनल तीनवरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्ली स्थानक, आणि तिथून अंबाल्याकडे जाणारी, पानिपतला थांबणारी गाडी. हिंडनहून थोडे अंतर रिक्षाने जाऊन लाल मार्गिकेची मेट्रो पकडता येते. ती काश्मीरी गेटला पोहोचवते आणि तिथल्या बसस्थानकातून हरियाणा रोडवेजच्या बस पानिपतला जातात. सामान कमी असेल तर हा मार्ग स्वस्त आणि बराच सुटसुटीत आहे.

नांदेडचा पूर्ण हिशेब मग असा होतो. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणून दीड-दोन तास आधी विमानतळावर. दोन तास विमान, अर्धा-पाऊण तास सामान घेऊन बाहेर पडायला, अडीच तास रस्ता. घर ते विमानतळ हा वेळही धरला आणि सगळे सुरळीत गेले, तर घर सोडल्यापासून साडेसात-आठ तास. यातले विमानाचे दोन तास म्हणजे एकूण वेळाचा साधारण पाव भाग.

थेट विमान नसेल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न विशेषतः नांदेड आणि कोल्हापूरकरांना पडतो. नांदेडहून हैदराबादमार्गे जाता येते. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमाने निघाली त्यांत नांदेड–हैदराबादही होते. पण हा मार्ग २४५ किलोमीटर दक्षिणेला जाऊन मग १,२६५ किलोमीटर उत्तरेला येतो. म्हणजे १,०६० च्या जागी १,५१० किलोमीटर, आणि मधला थांबा धरून सहजच पाच-सहा तास. त्यापेक्षा संभाजीनगरपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून थेट दिल्लीचे विमान घेणे मला अधिक पटते. कोल्हापूरकरांनीही दक्षिणेकडे बेंगळुरूला जाऊन परत उत्तरेला येण्यापेक्षा महामार्गाने पुणे गाठावे; चार-साडेचार तासांचा रस्ता आहे आणि पुण्याहून दिल्लीला दिवसभर विमाने आहेत. बदलते विमान घ्यावेच लागले तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्यावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर आपली कसलीही जबाबदारी राहत नाही.

पुण्याहून चंडीगडला उतरावे का, असेही काही जण विचारतात. हवाई अंतर १,३७५ किलोमीटर आणि पुढे पानिपत रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर मागे. फक्त काला अंब पाहायचे असेल तर यात वेळही जातो आणि पैसाही. धुक्यापासूनही सुटका नाही, कारण ते चंडीगडलाही असतेच. पण कुरुक्षेत्र, मग भाऊसाहेबांनी ऑक्टोबर १७६० मध्ये जिंकलेले कर्नाळजवळचे कुंजपुरा आणि शेवटी पानिपत असा क्रम लावायचा असेल, तर चंडीगडला उतरून दिल्लीहून परतणे उत्तम. फौजेची त्या शेवटच्या महिन्यांतली हालचाल त्या वाटेने नीट समजते. दिल्लीच्या आग्नेयेला जेवरला उभारलेला नवा विमानतळ मात्र पानिपतसाठी उलट्या दिशेला पडतो. तिकीट शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त दिसले तरी रस्त्याचा तास-दीड तास वाढतो.

तिकीट काढताना शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचा संकेत वाचा. ‘दिल्ली’ असे शोधले की इंदिरा गांधी आणि हिंडन दोन्हींची विमाने एकाच यादीत येऊ शकतात. पहिल्याचा संकेत डीईएल, दुसऱ्याचा एचडीओ. जाताना एकावर आणि येताना दुसऱ्यावर तिकीट निघाले असेल तर घरी निघालेली मंडळी चुकीच्या दारात उभी राहतात, आणि या दोन दारांमध्ये अख्खी दिल्ली आहे. हिंडन हा मुळात वायुदलाचा तळ आहे, तेव्हा तिथे फोटो काढण्याचे नियम कडक असतात. पुण्याचे लोहगावही तसेच.

याहून मोठी गफलत नकाशात होते. मोबाइलवर नुसते ‘काला अंब’ लिहिले तर हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातले, हरियाणाच्या सीमेवरचे काला अंब हे औद्योगिक गाव समोर येते. ते पानिपतपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर उत्तरेला आहे, रस्त्याने आणखी दूर. चालकाला पत्ता देताना ‘पानिपत’ हा शब्द आधी सांगा आणि स्मारकाची खूण नकाशावर आधीच साठवून ठेवा. स्थानिक चालकाला ‘मराठों का स्मारक, काला आम’ असे म्हटले तरी कळते.

ज्यांना विमान नको किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस दिल्लीवरून थेट पानिपतला जाते. एक रात्र आणि पुढचा सगळा दिवस लागतो. मुंबईकरांना पश्चिम एक्स्प्रेस आहे. मोठा गट जाणार असेल तर मी रेल्वेच सुचवेन, परतीला हवे तर विमान.

परतीचे तिकीट १४ च्या संध्याकाळचे काढू नका. कार्यक्रम लांबतो, सूर्य पावणेसहाला मावळतो आणि महामार्गावर परतीची गर्दी असते. १५ ला पानिपत संग्रहालय, इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद पाहून दुपारनंतर निघालात तर चालते. दिल्लीत आणखी काही दिवस राहणार असाल तर एक गोष्ट आधीच तपासा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी गेल्या काही वर्षांत १९ ते २६ जानेवारीच्या दरम्यान दिल्लीचे आकाश सकाळी साधारण १०.२० ते १२.४५ बंद ठेवले जाते. त्या काळात विमाने ना उतरतात ना उडतात. त्या आठवड्यात परतायचे असेल तर दुपारी तीननंतरचे तिकीट घ्यावे. तोवर सकाळच्या धुक्याची आणि बंद आकाशाची, दोन्हींची कोंडी बरीचशी सुटलेली असते.